घरी लावलेला कलप फारच काळा झाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत कोणी कलप म्हणतं, कोणी डाई, कोणी नुसतंच 'कलर'. नाव काहीही असो, घोटाळा बहुतेक वेळा एकच होतो: हवा होता तपकिरी, झाला कोळसा. इथली उत्तरं मुद्दामच सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जाणाऱ्या क्रमाने आहेत. उडी मारून एकदम शेवटच्या उपायावर जाऊ नका.

आत्ताच केस धुतले. आरशात अगदी काळेकुट्ट दिसताहेत. लगेच काय करू?

आधी वाळू द्या. ओले केस कोरड्यांपेक्षा एखाद-दोन छटा गडद दिसतात, आणि न्हाणीघरातल्या दिव्याखाली तर रंगाचा अंदाजच येत नाही. केस पूर्ण वाळले की दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी किंवा गच्चीवर उभं राहून बघा. शिवाय ताजा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा उतरतोच, कारण केसाच्या बाहेरच्या थरावर अडकलेला जास्तीचा रंग निघून जातो. घाबरून फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम तिसऱ्या धुण्यापर्यंत आपसूक भागतं.

तरीही गडद वाटला तर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे. शाम्पूने जे काही उतरायचं ते याच काळात सहज उतरतं. रंगवलेल्या केसांसाठीचा 'कलर प्रोटेक्ट' शाम्पू आणि पाकिटातला कंडिशनर मात्र तूर्त कपाटात ठेवा. तो रंग टिकवण्यासाठीच असतो.

पाकिटावर ब्राउन लिहिलं होतं, मग काळा का झाला?

कारणं पाच-सहा आहेत आणि सहसा दोन-तीन एकत्र आलेली असतात.

पहिलं कारण आकडा. छटेच्या नावापेक्षा आकडा वाचा. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. आपले नैसर्गिक केस मुळातच १ ते ३च्या दरम्यान असतात. त्यावर ३ लावला की तो डोळ्यांना काळाच दिसणार. बिंदूनंतरचा आकडा झाक सांगतो. बऱ्याच ब्रँडमध्ये .१ म्हणजे राखेरी झाक, आणि राखेरी झाक त्याच आकड्याच्या सोनेरी झाकेपेक्षा गडद भासते.

दुसरं, जुन्या रंगावर नवा रंग. दर महिन्याला मुळांपासून टोकांपर्यंत रंग फासला की टोकांवर थरावर थर चढतात. मुळं तपकिरी आणि टोकं काळी हा याचाच पुरावा.

तिसरं, सच्छिद्र केस. स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, रोजची इस्त्री यांनी केसाची खवली, म्हणजे बाहेरचा थर, उघडी पडते आणि असा केस रंग जास्त ओढतो.

चौथं, वेळ. तीस मिनिटांच्या जागी तासभर ठेवला तर पिकलेले केस जास्त 'घट्ट' रंगतात. वेळेवर हवामानाचाही परिणाम होतो. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीखालच्या खोलीत रंग झपाट्याने चढतो, जानेवारीतल्या गारठ्यात तोच रंग रेंगाळतो. थंडीत लोक वेळ वाढवतात ते एक वेळ ठीक, पण तीच सवय एप्रिलमध्येही चालू राहते.

आणि पुडीतली पावडर वापरली असेल तर फार शोध घ्यायलाच नको. त्या पुड्या बहुतेक काळ्या छटेसाठीच बनवलेल्या असतात.

मी नक्की काय लावलं होतं हे कळणं इतकं गरजेचं आहे का?

हो. सगळा उपाय त्यावरच ठरतो, म्हणून रिकामा डबा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलिनडायअमिन म्हणजे पीपीडी, किंवा टोल्युइन-डायअमिन, रिसॉर्सिनॉल आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडची दुसरी बाटली असेल तर तो ऑक्सिडेशनचा कायम रंग. यात रंगाचे छोटे रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जातात आणि मोठे होऊन अडकून बसतात. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांतही पीपीडीच असतं. हिरव्या पानाचं चित्र बघून फसू नका, यादी वाचा.

पेरॉक्साइड नसेल आणि 'आठ-दहा धुण्यांत जातो' असं लिहिलं असेल तर तो तात्पुरता रंग. हा सगळ्यात सोपा, शाम्पूनेच जातो.

शुद्ध मेंदी आणि नीळ (इंडिगोच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे) यांचा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर खाली आहे.

चौथा प्रकार म्हणजे रोज थोडं तेल किंवा पाणी चोळायचं आणि पंधरा दिवसांत केस हळूहळू काळे होत जातात तो. यात शिसं, चांदी किंवा बिस्मथ यांचे क्षार असू शकतात. अशा केसांवर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडलं तर केस तापतात, कधी हिरवट होतात, कधी तुटून हातात येतात.

धातूचे क्षार आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं?

पार्लरमध्ये करतात ती परीक्षा अशी. विंचरताना निघालेले वीस-पंचवीस केस दोऱ्याने बांधा. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड घ्या, त्यात लिक्विड अमोनियाचे २० थेंब टाका आणि केसांचा झुबका अर्धा तास बुडवून ठेवा. खिडकी उघडी हवी, हातात मोजे हवेत. वाटी गरम झाली, बुडबुडे फुटले, घाण वास सुटला किंवा केसांचा रंग झटकन बदलला तर पेरॉक्साइडचा विचार सोडा. गंमत अशी की चांदीचा क्षार असेल तर काहीच होत नाही: केस जसेच्या तसे राहतात, कारण त्यावर लेप बसलेला असतो. साध्या रंगवलेल्या केसात थोडा तरी फिकेपणा दिसायला हवा. तो अजिबात दिसला नाही, तर तीही धोक्याचीच खूण.

शाम्पूने उतरवायचा तर नेमका कसा?

रोजच्या मऊ शाम्पूने नाही. 'क्लॅरिफाइंग', म्हणजे केसांवर साठलेला थर काढणारा शाम्पू घ्या, किंवा यादीत सोडियम लॉरेथ सल्फेट अगदी वरच्या क्रमांकाला आहे असा स्वच्छ, पारदर्शक शाम्पू. कोंड्यासाठीचा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पू याहून जोरात काम करतो. रंग फिका होणं ही त्याची ठाऊक असलेली खोडच आहे, इथे ती उपयोगी पडते. तो लावण्यापूर्वी अंगठ्या-बांगड्या काढा, दागिने काळवंडतात. टाळूला जखम किंवा जळजळ असेल तर तो वापरूच नका.

कृती: केस कोमट पाण्याने भिजवा. खांद्यापर्यंतच्या केसांना सुमारे दोन मोठे चमचे शाम्पू पुरतो. जिथे काळेपणा जास्त तिथून सुरुवात करा, म्हणजे बहुधा टोकांपासून. फेस करून पाच मिनिटं ठेवा, धुवा, पुन्हा एकदा तसंच करा. फेसाला तपकिरी-जांभळट रंग आला तर काम होतंय. शेवटी टोकांना भरपूर कंडिशनर. क्लॅरिफाइंग शाम्पू पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, असे तीन-चार वेळा. सेलेनियमचा आठवड्यातून दोनदाच. धुण्याच्या आदल्या रात्री कोमट खोबरेल तेल लावून ठेवलं तर केस कमी कोरडे पडतात. नुसत्या तेलाने रंग उतरतो असं मात्र समजू नका.

अपेक्षा किती ठेवायची? अर्धी ते एक छटा. डोळ्यांना टोचणारा काळेपणा कमी होतो, काळ्याचा मध्यम तपकिरी होत नाही.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचा उपाय खरा की थाप?

अर्धा खरा. ॲस्कॉर्बिक आम्ल ऑक्सिडेशनने तयार झालेला रंग थोडाफार मोडतं, पण रंग ताजा, तीन-चार दिवसांच्या आतला असेल तरच. संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या घेऊ नका. त्यांत साखर आणि रंग असतो, केस चिकट होतात. शुद्ध पावडर मिळाली तर १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, चार मोठे चमचे क्लॅरिफाइंग शाम्पूत कालवा. ओलसर केसांना लावा, प्लास्टिकची टोपी घाला, अर्धा ते पाऊण तास ठेवा आणि खूप वेळ धुवा. मिश्रण आंबट असतं, खरचटलेल्या टाळूवर झोंबतं. दुसऱ्या दिवशी रंग थोडा परत गडद झालेला दिसू शकतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे मोडलेले रेणू पुन्हा जुळतात. एकदाच करून बघा. दुसऱ्यांदा नको.

कलर रिमूव्हर आणि ब्लीच एकच का?

नाही. दुकानातसुद्धा ही गल्लत होते. ब्लीच रंग जाळतं, सोबत तुमचा स्वतःचा मूळ रंगही जाळतं. रिमूव्हर रंगाचे जुळलेले मोठे रेणू पुन्हा लहान करतो आणि ते पाण्याने बाहेर काढायचे असतात. म्हणून रिमूव्हरचा जीव धुण्यात आहे. पत्रकात दिलेला वेळ, बहुधा वीस मिनिटांच्या आसपास, झाला की पुढची पंधरा-वीस मिनिटं अखंड कोमट धारेखाली केस धुवायचे. बादली आणि मगाने हे नीट होत नाही, हँडशॉवर लागतो. नळाला पाणी येण्याचा दिवस बघून करा. अर्ध्यात टाकी संपली तर उतरलेला रंग आत राहतो आणि दोन दिवसांत केस पुन्हा काळे. हीच रिमूव्हरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि बहुतेकदा चूक धुण्यातली असते. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, तो दोन-चार दिवस रेंगाळतो.

रिमूव्हरनंतर दिसणारा रंग तुमचा लहानपणीचा नसेल. पूर्वीच्या पेरॉक्साइडने आतला मूळ रंग फिका केलेला असतो, त्यामुळे खाली तांबूस-नारिंगी झाक निघते. त्यावर लगेच पेरॉक्साइडचा रंग लावला तर केस तो अधाशासारखा ओढतात. निदान आठवडाभर थांबा आणि हव्या त्या छटेपेक्षा दोन आकडे फिकी छटा घ्या.

वरून फिकट तपकिरी रंग लावला तर काळा झाकला जाईल ना?

जाणार नाही. रंग रंगाला उजळत नाही. काळ्या भिंतीवर पिवळं पाणी मारल्यासारखं आहे ते. उलट मुळाशी नव्याने आलेले केस उजळतात आणि बाकीचे तसेच काळे राहतात, मग वर केशरी पट्टा आणि खाली कोळसा. ही चूक दुरुस्त करायला पहिल्या चुकीपेक्षा जास्त खर्च येतो.

घरीच ब्लीच करू का?

आमचं मत स्पष्ट आहे: संपूर्ण डोक्याला, एकट्याने, घरी करू नका. डोक्याच्या मागचं दिसत नाही. टाळूजवळचे केस शरीराच्या उष्णतेमुळे आधी आणि जास्त उजळतात. काळा रंग उतरताना लाल, मग तांबूस, मग नारिंगी अशा पायऱ्या लागतात आणि नवखा माणूस नारिंगी पाहून घाबरून चुकीच्या जागी थांबतो. चेहऱ्याचं ब्लीच क्रीम डोक्याला, किंवा फरशीचं ब्लीच कुठेही, हे तर सोडाच.

पार्लरमध्ये याचा सौम्य प्रकार मिळतो. एक भाग ब्लीच पावडर, दोन भाग २० व्हॉल्यूम डेव्हलपर (म्हणजे पेरॉक्साइड) आणि एक-दोन भाग शाम्पू असं मिश्रण ओलसर केसांना लावतात, दर तीन-चार मिनिटांनी तपासतात आणि दहा-पंधरा मिनिटांत धुतात. आधी एका बटेवर करून दाखवायला सांगा. जे नाही म्हणतील तिथून उठून या.

लिंबू, बेकिंग सोडा, मध, दही, भांड्यांचा साबण?

दह्याने केस मऊ होतात, रंग हलत नाही. मधाचंही तेच. लिंबू लावून उन्हात बसलं तर केस रापतात, शिवाय कपाळावर ओघळलेला रस आणि ऊन मिळून कातडीवर काळे डाग पडतात, ते केसांपेक्षा जास्त काळ टिकतात. बेकिंग सोडा खवली उघडतो, थोडा रंग काढतो आणि केसांची दोरी करतो. सोडा आणि लिंबू एकत्र केलं तर फेस छान येतो आणि दोघं एकमेकांना निकामी करतात. भांड्यांच्या साबणाने रंग निघतो खरा, पण टाळू फुटते. त्यापेक्षा क्लॅरिफाइंग शाम्पूची छोटी बाटली स्वस्त पडते.

बोरिंगच्या पाण्याचा याच्याशी काही संबंध आहे?

आहे. नर्मदेचं पाणी इंदुरात १९७८मध्ये आलं, तरी पुष्कळ कॉलन्यांत ते एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी बोरिंग चालतं. माळव्याच्या काळ्या खडकातलं हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर थर धरतं, केस निस्तेज दिसतात, आणि निस्तेज काळा हा चमकदार काळ्यापेक्षा जास्त काळा भासतो. साबणाचा फेस होत नसेल आणि नळाच्या तोंडाशी पांढरा खरपा जमत असेल तर तुमचं पाणी जड आहे. ईडीटीए (जड पाण्यातले हे क्षार पकडून काढणारा घटक) असलेला शाम्पू आठवड्यातून एकदा वापरा आणि निदान शेवटचं पाणी नर्मदेचं घ्या. कलर रिमूव्हर आणि व्हिटॅमिन सीसाठी तर नर्मदेचंच.

मेंदी आणि नीळ लावून काळे झाले. ते कसे उतरवू?

खरं उत्तर: जवळजवळ उतरत नाहीत. रिमूव्हरचा यावर काही परिणाम नाही. नीळ पहिल्या दोन-तीन दिवसांत अजून पक्की होत असते, त्या काळात तेल आणि क्लॅरिफाइंग शाम्पू आलटून-पालटून वापरले तर थोडी सैल होते. ब्लीच लावलं तर मेंदी टिकून राहते आणि नीळ हिरवट होते. वाढ साधारण महिन्याला एक सेंटिमीटर धरा, टोकं कापत जा आणि पुढच्या वेळी निळीचं प्रमाण मेंदीच्या निम्म्यावर ठेवा.

परवा घरात मुंज आहे. दोन दिवसांत काय होऊ शकतं?

आज रात्री तेल, उद्या सकाळी दोनदा क्लॅरिफाइंग शाम्पू, परवा काही नाही. चेहऱ्याभोवतीचा काळेपणा सर्वांत जास्त खटकतो, म्हणून भर कपाळ आणि कानशिलांवरच्या केसांवर द्या. भांग थोडा बाजूला पाडा, अंबाड्यावर गजरा माळा. पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या लक्षातही येणार नाही. नवा प्रयोग मुंज झाल्यावर.

बाबांनी मिशीला लावला आणि ती चिकटवल्यासारखी दिसतेय.

मिशी-दाढीचे केस जाड असतात आणि खालची कातडीही रंगते, म्हणून ती 'काढलेली' दिसते. ओल्या कापडावर शाम्पू घेऊन लगेच पुसा, दिवसातून दोनदा, दोन दिवस. कातडीचा रंग आधी जातो आणि तेवढ्याने निम्मं काम होतं. पुढच्या वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू देऊ नका आणि तपकिरी छटा आणा. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीच नाही; डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

कपाळावर आणि कानांवर डाग पडलेत.

कापसावर खोबरेल तेल, दहा मिनिटं, मग ओल्या बेसनाने हलकेच. घासू नका. दोन-तीन दिवसांत कातडीबरोबर उरलेलाही जातो.

डोकं खाजतंय आणि पापण्या सुजल्यात.

मग रंगाची चिंता बाजूला ठेवा. ही पीपीडीची ॲलर्जी असू शकते. केस भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, इंदूरच्या सरकारी एम. वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालयातही दाखवता येतं. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणं असेल तर वाट न बघता तातडीच्या विभागात जा. एकदा अशी ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे हा रंग आणि काळी मेंदी दोन्ही पुढे बंद. सुजलेल्या डोक्यावर वरचा एकही उपाय करायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर पुड्या कुलपात ठेवा: पीपीडी पोटात गेलं तर जिवावर बेततं, अशा वेळी थेट रुग्णालय.

पार्लरमध्ये गेल्यावर काय सांगू?

खरं सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय लावलं, मेंदी, पुडी, स्मूदनिंग, सगळं. डबा किंवा त्याचा फोटो दाखवा. संपूर्ण डोकं उजळण्याऐवजी काळ्यात मधूनमधून बारीक फिकट बटा काढून घेणं पुष्कळदा स्वस्त आणि केसांना सोसणारं असतं. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) जायचं असेल तर हे काम त्यानंतर करा, कारण ब्लीच झालेला केस गुलाल असा पितो की आठवडाभर गुलाबी राहतो.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून?

हव्या त्या छटेपेक्षा एक आकडा फिका घ्या. ४८ तास आधी कानामागे थोडासा रंग लावून ॲलर्जी तपासा. मानेजवळच्या आतल्या एका बटेवर पूर्ण वेळ रंग ठेवून, धुऊन, वाळवून बघा. रंग आणि डेव्हलपरचं प्रमाण पत्रकातलंच, अंदाजपंचे नाही. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची. डोक्याचे चार भाग करा, आधी पांढरे जास्त असतील तिथली मुळं, आणि जुन्या रंगाच्या टोकांना शेवटची पाच मिनिटं, तीही फिकी पडली असतील तरच. दर वेळी वहीत छटा, वेळ आणि महिना लिहून ठेवा.

कालवलेला रंग उरला. पुढच्या महिन्यासाठी ठेवू?

नको. कालवल्यानंतर तासाभरात त्याचा दम संपतो. झाकण घट्ट लावून तर मुळीच ठेवू नका: आत वायू तयार होत राहतो, बाटली फुगते आणि फुटून कपाटभर काळे शिंतोडे उडतात. भरपूर पाणी घालून मोरीत ओता. न कालवलेली रंगाची ट्यूब आणि डेव्हलपर वेगवेगळे असतील तर झाकण लावून, उन्हापासून लांब ठेवता येतात.